पोस्ट बॉक्समधलं मत

(फॅक्स. हेमाच्या दुकानाच्या नंबरवर.)

अल क्वोज, दुबई
शनिवार, ५ जून २००४

चि. समिधास,

पपांचा आशीर्वाद. इकडे पारा बेचाळीसवर गेलाय, म्हणजे आपलं सगळं ठीक आहे. लोकांचे एसी बंद पडले की आपलं घर चालतं. तू तिसरीत असताना टीचरने विचारलं होतं, वडील काय करतात, तर तू सांगितलं होतंस, "ही वेट्स फॉर समर." ती टीचर अजून भेटली की हसते.

हेमा, तुझ्या मशीनवर हे येतंय म्हणजे तू वाचणारच, तर तुलाही नमस्कार. लेस्टरात साड्या खपतायत ना? पत्र समिधाला आजच्या आज दे. ती माझा फोन घेत नाही आणि आमच्या ऑफिसातल्या साजिदाच्या कॉम्प्युटरवर मराठी उमटत नाही, म्हणून मावशीला मध्ये घातलं.

समिधा, तू रजा अर्धी टाकून परत गेलीस त्याला आठ दिवस झाले. तुझी आई मला जेवायला वाढते, पण बोलत नाही. भाकरी ताटात कशी पडते त्यावरून मी राग मोजतो. माझे कान तुला माहीत आहेत. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक कॉम्प्रेसरला आणि दुसरं कानाला लावलं की आत काय बिघडलंय ते मी झाकण न उघडता सांगतो. पण तू त्या गुरुवारी पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे खाली ठेवलास, तो आवाज मला ऐकू आला नाही, असं तुझी आई म्हणते. म्हणजे गेल्या आठवड्यात तेवढं एकच वाक्य म्हणाली.

वेदांगच्या घरच्यांचा विषय मी काढणार नाही. तू आईला फोनवर "नॉट दॅट, आई" म्हणालीस ते मी शेजारच्या खोलीतून ऐकलं. फक्त कळवतो की त्याच्या वडिलांचा, प्रल्हादरावांचा, रास अल खैमाहून दोनदा फोन आला, मुलीचं काय म्हणून. मी सांगितलं, तिला कंपनीचं अर्जंट काम निघालं. माणसं चांगली आहेत. बस्. विषय काढला नाही.

आता तुझ्या पाकिटाचं. त्या निवडणुकीचे कागद तू इथे मागवले होतेस, पंधरा तारखेपर्यंत इथेच असणार म्हणून. आईने तुझा निरोप चिठ्ठीवर लिहून ठेवला, आले का बघा. अजून आलेले नाहीत. आले की कळवतो. नाही आले तर पोस्टात गहाळ झाले असं समज, होतं असं कधीकधी.

ही निवडणूक मला समजलेली नाही, हे कबूल करतो. तू भारताची नागरिक. जन्म दुबईचा. राहतेस इंग्लंडात. मत देणार ते इंग्लंडच्या पार्लमेंटसाठीही नाही. पंचवीस देशांचं मिळून एक पार्लमेंट आहे त्यासाठी, आणि ते भरतं भलत्याच देशात. साजिदा म्हणते, कॉमनवेल्थवाला तिथे राहत असला की त्याला हे मत देता येतं. जुमेऱ्यातल्या एका इंग्रजाकडे गॅस भरायला गेलो होतो, त्याला विचारलं, साहेब, तुमची युरोपची निवडणूक आली, मत कुणाला? तो म्हणाला, "इज देअर वन?" ज्याची निवडणूक आहे त्याला पत्ता नाही, आणि माझी मुलगी त्यासाठी आईला दिवसातून दोन फोन करते. शिवाय तुमच्या भागातून सहा माणसं जायची असताना एवढ्या लांबलचक कागदावर फुली एकच का मारायची? एका फुलीत सहा माणसं कशी बसवतात?

तुझ्या मताची मी कदर करत नाही असं समजू नकोस. पण एका मताने पंचवीस देशांचं काय हलणार, हे मला कुणीतरी बसून समजावून सांगायला हवं. तू इथे असतीस तर तुलाच विचारलं असतं.

जेवत जा.

तुझे पपा

*

(फॅक्स)

रविवार, ६ जून २००४, सकाळ

चि. समिधास, आशीर्वाद.

तुझी इमेल साजिदाने छापून माझ्या टेबलावर ठेवली आणि चहा करायला निघून गेली. चार वर्षांत तिने ऑफिसात कधी चहा केलेला नाही. इंग्रजीत तीन वाक्यं. पपा, कागद लांबलचक आहे हे तुम्हाला कसं कळलं? माझं पाकीट कुठे आहे? धिस इज माय फर्स्ट व्होट, एनीव्हेअर.

सत्तावीस वर्षांत ह्या वाळवंटात मला भल्याभल्यांनी पकडायचा प्रयत्न केला. तू एका शब्दात पकडलंस. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, लाजेखाली थोडं बरंही वाटलं. ही अक्कल तुझ्यात माझ्याकडूनच आलीय.

पाकीट गुरुवारी आलं. ते उघडलं गेलं, पण मुद्दाम नाही. तुला माहीत आहे, ह्या देशात दारावर पोस्टमन येत नाही. सगळ्यांचं टपाल कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये पडतं, आणि आपल्या बॉक्सचा नंबर तर अर्ध्या बिल्डिंगने गावाला कळवलेला आहे. मुश्ताक पिशवी आणतो, मी टेबलावर ओततो आणि ब्लेडने सगळी पाकिटं एका दमात कापत जातो. नाव मागाहून बघतो. तू ह्याला "पपांचं कस्टम्स" म्हणतेस. तर गुरुवारी तुझं पाकीट कस्टम्समध्ये कापलं गेलं.

आतून कागदांची गोधडी निघाली. साजिदाने वाचलं आणि म्हणाली, "सर, ये तो समिधा का व्होट है."

"पोस्टाने मत?" मुश्ताक म्हणाला. आपला पीआरओ, सगळी सरकारी ऑफिसं त्याच्या पायाखालची, त्याला पटेना. "मग पोलीस कुठं उभा राहतो?"

"पोलीस नहीं होता, भाईजान. एक विटनेस चाहिए. यहाँ नाम, पता, दस्तखत."

"आणि हे निवडून जाऊन करतात काय?"

"पच्चीस मुल्क के लोग एक हॉल में बैठकर बहस करते हैं."

"कुठच्या भाषेत?"

"अपनी अपनी. कान में मशीन होती है, तरजुमा आता रहता है."

मुश्ताकने विचार केला. "दापोलीला आमच्या जमातीची मीटिंग एका भाषेत असते तरी कुणाला कुणाचं कळत नाही. शेठ, तुम्हाला कळलं काय?"

मी म्हटलं, मला पण नाही. पण विटनेस मात्र कळला. आणि समिधा, इथे माझी पहिली चूक झाली. साक्षीदाराने मत देणाऱ्याला सही करताना बघायला हवं, असं बारीक अक्षरात होतं. माझ्या मनात आलं, मी हिला जन्मल्या दिवसापासून बघतोय, माझ्याहून मोठा साक्षीदार कोण? तू सही करायच्या आधीच मी साक्षीदार म्हणून सही ठोकली.

"आणि शिक्का?" मुश्ताक म्हणाला.

"शिक्का कहीं नहीं लिखा," साजिदा म्हणाली.

"लिहिलेलं नसलं म्हणून काय झालं? लेबर ऑफिस, इमिग्रेशन, बँक. शिक्क्याशिवाय दिलेला एक कागद दाखवा, जो परत आला नाही. पोरीचं पहिलं मत. तेवढ्यावरून परत आलं म्हणजे?"

तर साक्षीच्या कागदावर आपला गोल शिक्का बसला, साळवी कूलिंग सर्व्हिसेस, अल क्वोज. मतपत्रिकेवरही बसला. मग तुझा निरोप आला, मी घाबरलो आणि थिनरने पुसायला गेलो. निळी शाई चहूकडे पसरली. म्हणून काल "आले नाहीत" असं लिहिलं.

पण ऐक. साजिदाने आज सूचनांचा कागद परत वाचला. मतपत्रिका चुकून खराब झाली तर सगळे कागद, पाकिटांसकट, कौन्सिलच्या ऑफिसात नेऊन द्यायचे, ते नवीन देतात. मात्र बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत. त्यानंतर नाही. मी सगळं आज दुपारच्या कुरियरने पाठवतो, मंगळवारी पोचेल. हेमा, समिधा कामावर असली तर सही करून तू घे, पण उघडू नकोस. हे मी कुणाला सांगतोय ते कळतंय मला, हसू नका.

तुझे पपा

*

(कुरियरच्या पाकिटात)

रविवार, ६ जून, दुपार

समिधा,

हे हेमाच्या मशीनमधून जाणार नाही, म्हणून नीट लिहितो. सकाळच्या फॅक्समध्ये खोटं काही नाही, पण मी अर्ध्यावर थांबलो.

मुश्ताकने शिक्का मारला तो फक्त साक्षीच्या कागदावर. मतपत्रिकेला त्याने हात लावला नाही. "मतपत्रिकेवरही बसला" असं मी लिहिलं, कुणी बसवला ते लिहिलं नाही. ह्या पाकिटातली मतपत्रिका उघडलीस की तुला निळा डाग दिसेल, आणि डागाखाली अगदी शेवटच्या चौकोनात एक फुली. फुली माझी आहे. शिक्काही माझा.

शुक्रवारी दुपारी वर्कशॉप बंद होतं. मुश्ताक नमाजाला गेलेला, माणसं कामगारांच्या कॅम्पवर कपडे धूत असतील. मी एक कोटेशन करायला आलो होतो. सगळी मशीनं बंद असली की आपलं वर्कशॉप कसं वाटतं ते तू ऐकलेलं नाहीस. मला तर भणभणायला होतं. टेबलावर तुझे कागद होते. बघू तरी म्हणून उघडले.

सत्त्याहत्तरच्या निवडणुकीत मी गावात टेम्पोवर बसून घोषणा द्यायचो. माइक माझ्याकडे, कारण आवाज खणखणीत. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना हाताला धरून शाळेपर्यंत नेलं, आत जाताना मलाच दारात अडवलं. तेव्हा एकवीस वर्षं लागायची, मी वीसचा. गुरुजी म्हणाले, पुढच्या वेळी ये. त्याच वर्षी मी इथे आलो. पुढची वेळ आलीच नाही. गेल्या महिन्यात आपल्याकडची मतमोजणी आम्ही वर्कशॉपच्या टीव्हीवर बघितली. वीस-पंचवीस माणसं, आरडाओरडा, पैजा, दोघांची तर मारामारी व्हायची राहिली. त्यातल्या एकानेही मत दिलेलं नव्हतं. देणार कसं? नाव कुठल्याच यादीत नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. इथे मला काही कमी पडलेलं नाही. हातात फक्त एक पाना घेऊन आलेला माणूस मी. पण सत्तेचाळीस वर्षांचा झालो तरी, कोण असावं असं तुला वाटतं, असं छापील कागदावर मला कुणी विचारलं नव्हतं. तो कागदही मला विचारत नव्हताच. तुला विचारत होता. पण त्या खोलीत मी एकटाच होतो.

मी सगळी नावं वाचली. सावकाश, मोठ्याने. मग फुली मारली. मारताना तू माझ्या मनात नव्हतीस. हे मी माझ्या बाजूने लिहितोय की माझ्याविरुद्ध, मला कळत नाही. मारल्यावर कागद उघडाबोडका दिसायला लागला आणि हात आपसूक शिक्क्याकडे गेला. शिक्क्याचा ठप् असा आवाज झाला तेव्हा भानावर आलो.

आणखी एक आहे. ते लिहावं की नाही ह्यात दुपारचा चहा गार झाला.

त्या गुरुवारी वेदांगच्या आई, लतिकाबाई, म्हणाल्या ना, डिसेंबरात हॉल मिळायचे नाहीत, आतापासून बघायला हवं, आणि तू ट्रे ठेवलास. मागाहून मी तुला सांगितलं, त्या बाई आपल्या मनाने बोलल्या, अजून काही ठरलेलं नाही. समिधा, ठरलं होतं. प्रल्हादरावांना मी आधीच्या आठवड्यात होकार देऊन टाकला होता. डिसेंबर मीच सुचवला होता, तुला सुट्टी असते म्हणून. नुसते चहाला येतायत हे तुला सांगितलेलं खोटं होतं. मला खात्री होती की मुलगा बघितलास की तू हो म्हणशील. मग हो आधी घेतलं काय नि नंतर घेतलं काय. तुझ्या लेस्टरच्या ॲडमिशनचं पत्रही मीच फोडलं होतं. वर्कशॉपमध्ये पेढे वाटून झाल्यावर तुला फोन केला. तू रडलीस, मला वाटलं आनंदाने. आता वाटतं, विचारायला हवं होतं. पण आता वाटून काय.

काल माझ्या मनात आलं होतं की पाकीट कचऱ्यात टाकावं आणि पोस्टावर ढकलावं. तसा फॅक्सही केला. तुझं मत गेलं असतं आणि मी चांगला राहिलो असतो. साजिदा म्हणते, दुसऱ्याची मतपत्रिका भरणं तिथे गुन्हा आहे. मतपत्रिका कुणी बिघडवली असं ऑफिसात विचारतील, तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांगायचं असेल तर सांग, पूर्ण सांग. पण बुधवारी पाचच्या आत जा.

पपा

*

(साध्या पोस्टाने, समिधाच्या पत्त्यावर)

अल क्वोज, दुबई
शुक्रवार, १८ जून २००४

प्रिय समिधा,

तुझी इमेल मिळाली. साजिदाने दोन पानांवर छापली. तिने ती वाचली नाही असं म्हणते, पण तिच्या तोंडावरून वाचलीय.

तू बुधवारी चार चाळीसला पोचलीस, हे वाचताना, आज नऊ दिवसांनी, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्या कार्डिगनवाल्या बाईने शिक्का उजेडात धरून बघितला, पोस्ट बॉक्स नंबरासकट वाचला आणि विचारलं, हे काय आहे? तू म्हणालीस, "इट वॉज स्पॉइल्ट ॲट होम. माय फादर इज न्यू टू व्होटिंग." बाई हसली आणि तिने नवी मतपत्रिका काढून दिली. ते वाक्य मी मुश्ताकला मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "शेठ, पोरीनं वाचवलं तुम्हाला." मला ते आधीच कळलं होतं. आणखी एक कळलं. "ॲट होम" असं तुला कुणी म्हणायला लावलं नव्हतं. पण त्यावर मी इमले बांधत नाही. माणूस घाईत काहीही बोलतो.

मत दिलंस. कुणाला ते लिहिलं नाहीस. मी दुसऱ्या पानाची मागची बाजूही बघितली. नाही लिहिलंस ते बरोबर.

तू विचारलंस, त्या शेवटच्या माणसापुढेच फुली का. सांगतो. बाकी सगळ्या चौकोनांत पार्टीचं नाव आणि त्याखाली उमेदवारांची रांग, पाच-पाच, सहा-सहा. शेवटी एक माणूस एकटा. पार्टी नाही, चिन्ह नाही, खाली दुसरं नाव नाही. सहा जागांसाठी एक माणूस. मला वाटलं, हा कुणाच्या जिवावर आलाय? ह्याला एनओसी कुणी दिली? एवढंच. त्याची मतं काय, तो भला की बुरा, मला अजून माहीत नाही. धंद्यात मी असं कधी करत नाही. ज्याच्यामागे कुणी नाही त्याला मी कॉम्प्रेसरसुद्धा उधार देत नाही. मत देताना मी निराळाच माणूस झालो, तो कुठून आला ते मला सांगता येत नाही. साजिदाने निकाल काढून दाखवला. तो पडला. आयुष्यात पहिलं मत दिलं ते पडणाऱ्याला, आणि तेही मोजलंच नाही. तरी दोन दिवस मला चुटपुट लागली होती, जसं काही माझ्याच एका मताने पडला.

काल रास अल खैमाला जाऊन आलो. तुझी आईही आली. गाडीत बोलली नाही, पण आली. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "प्रल्हादराव, मी तुम्हाला दिलेला होकार बाद धरा. तो माझा द्यायचा नव्हताच. जिचा होता तिला मी विचारलं नव्हतं."

प्रल्हादराव चष्मा पुसत बसले. लतिकाबाई म्हणाल्या, "मग आम्हाला दुबईला बोलावलंत ते काय हवा खायला, साळवीसाहेब?"

"चूक माझी आहे, वहिनी."

"चूक म्हणजे? आम्ही बहिणीला कळवलं, दिरांना कळवलं. लोकांना काय सांगायचं?"

"सांगा, साळवी खोटारडा निघाला."

तुझी आई म्हणाली, "तसंच सांगा." तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलली, ते हे.

तेवढ्यात वेदांग आतून आला. दारामागे होता, श्वास मला मघापासून ऐकू येत होता. म्हणाला, "अंकल, नोबडी आस्क्ड मी आयदर."

मग लतिकाबाई त्याच्याकडे वळल्या आणि आम्ही निघालो. जिन्यात प्रल्हादराव माझ्यामागून आले. मला वाटलं आता शिव्या देतात. ते म्हणाले, "तुमच्याकडे तिने ट्रे तरी ठेवला. आमचा हा काहीच बोलला नाही, म्हणून आम्ही हो समजलो." मी म्हटलं, इन्शाल्ला. कशाला इन्शाल्ला, ते त्यांनाही कळलं नाही, मलाही नाही.

समिधा, खरं सांगायचं तर मी अजून गोंधळलेलोच आहे. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा तुला गोवराची लस द्यायची का, कुठल्या शाळेत घालायचं, हे मी तुला विचारत बसलो असतो तर लोकांनी मला वेडा म्हटलं असतं. मग विचारायला नेमकी कुठल्या दिवसापासून सुरुवात करायची असते? तो दिवस माझ्याकडून कधी गेला? मला आवाज आला नाही. तुझी आई म्हणते, आला होता, दोन-तीनदा आला होता. तिला विचारलं, तेव्हा सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, मला तरी कुठे विचारलंत.

तर विचारतो. तुझी डिसेंबरची सुट्टी. दरवर्षी मी तिकीट काढतो आणि तुला तारीख कळवतो. ह्या वर्षी काढलेलं नाही. तुला यायचं आहे का? तारीख तुझी, किती दिवस ते तुझं, आणि आलीस तर नुसतं आईला भेटून परत गेलीस, माझ्याशी बोलली नाहीस, तरी मी हरकत घेणार नाही. नाही म्हणालीस तर नाही हेच उत्तर धरीन. पुन्हा विचारणार नाही, हेमाला मध्ये घालणार नाही, आईला फोन करायला लावणार नाही.

उत्तर इंग्रजीत दिलंस तरी चालेल. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाठवू नकोस. घराच्या फोनवर कळव, रविवारी आई घरी असते तेव्हा. मी त्या वेळी वर्कशॉपमध्ये असेन.

काय कळवशील ह्याचा खरोखर अंदाज नसलेले,
तुझे पपा